भावाचं हे नुसतं टेन्शन की डिप्रेशन? आणि डॉक्टरांकडे न्यायचं कसं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे.

माझा मोठा भाऊ अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती तोच बघतो. मी लग्नानंतर पुण्यात. दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलंय आणि घरातल्या प्रत्येकाचं त्यावर वेगळं मत आहे.

वहिनी सांगते ते असं: रात्री झोप लागते, पण तीन-साडेतीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. पडवीत बसून राहतो. सकाळ सगळ्यात वाईट जाते, अंघोळीसाठीही हाकांवर हाका माराव्या लागतात. दुपार कलल्यावर जरा माणसात येतो. जेवण निम्म्यावर आलंय, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. पोटात जळजळ, छातीवर दडपण. नाशिकला एंडोस्कोपी, सोनोग्राफी, ईसीजी झाले, सगळं नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत.

मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. ऐन डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या दिवसांत ढग भरून आले आणि हा फवारणीला उठला नाही. वडिलांच्या दहाव्यालासुद्धा ज्याने पहाटे बागेत चक्कर मारली होती, तो म्हणाला, "करून काय होणार आहे?" फोनवर मला म्हणतो, "मी तुम्हा सगळ्यांना खड्ड्यात घातलं." कर्ज आहे, नाही असं नाही. पण याहून मोठं कर्ज त्याने याआधी फेडलेलं आहे.

तो रडत नाही. त्यामुळे हे मनाचं असेल असं घरात कोणाला वाटतच नाही. आई म्हणते दृष्ट लागली, काका म्हणतात आळस भरलाय. हे डिप्रेशन असू शकतं का? आणि असलं तर 'मानसोपचार' हा शब्द काढला की जो माणूस उठून निघून जाईल, त्याला डॉक्टरांपुढे बसवायचं कसं?

रानवारा

जाणकारांच्या प्रतीक्षेत. रुमाल टाकून ठेवतो.

निशिगंध

ताई, पहाटे तीनची जाग वाचली आणि थेट माझेच दिवस आठवले.

मी शाळेत शिकवते. माझ्या बाबतीत सुरुवात मानेपासून झाली. मान दुखते म्हणून एक्स-रे, मग एमआरआय, मग पट्टा, मग शेक. दुखणं खरं होतं, सोंग नव्हतं. पण त्याच सुमाराला मला सहामाहीचे पेपर तपासणं जमेना. एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचायचे आणि मार्क किती द्यायचे ते ठरेना. वर्गात मुलं हसली की मला हसू येत नव्हतं, राग येत होता. माझी लेक स्पर्धेत बक्षीस घेऊन आली आणि माझ्या आत काही हललंच नाही. चेहऱ्यावर आनंद दाखवला खरा. दुःख झालं असतं तर समजू शकले असते, पण तिथे काहीच नव्हतं.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं नाही कधी. रडू येणं बंद झालं होतं, असं म्हटलं तरी चालेल. अस्थिरोगतज्ज्ञांनीच शेवटी विचारलं, "झोप कशी आहे? पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का?" आणि चिठ्ठी लिहून दिली. आज मी व्यवस्थित आहे, शिकवते आहे. तुमचे दादाही होतील. पण घरगुती चर्चेत वेळ घालवू नका, हे मी हात जोडून सांगते.

कर्मयोगी

मत वेगळं आहे, राग मानू नये.

७२च्या दुष्काळात माझ्या आईवडिलांनी रोजगार हमीवर खडी फोडली. आम्ही भावंडं मिलोवर, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीवर वाढलो. त्या काळात हा शब्द आमच्या गावात कोणी ऐकला नव्हता. शेतकऱ्याला भाव मिळाला आणि डोक्यावरचं कर्ज उतरलं की अर्ध्या गावाचं डिप्रेशन जाईल. खऱ्या प्रश्नावर गोळी द्यायची हे मला पटत नाही. त्यांना माणसांत बसवा, वारीला न्या, काम द्या.

वऱ्हाडी_ठेचा

@कर्मयोगी काका, शेतमालाच्या भावाचा प्रश्न खरा आहे, त्यावर माझं तुमचं भांडण नाही. पण त्या काळी आजारच नव्हता, हे नका म्हणू. आमच्याकडे माझ्या आजीची धाकटी जाऊ वर्षभर कोपऱ्यात बसून होती. न जेवणं, न बोलणं, अंगावरच्या लुगड्याची शुद्ध नाही. 'बाहेरचं झालं' म्हणून भगताकडे नेलं, अंगारा लावला, चिंचेच्या फोकाने मारलं. ती कशी गेली ते घरात आजही कोणी मोठ्याने बोलत नाही. आजार होताच, त्याला नाव नव्हतं आणि औषध नव्हतं.

आता कामाचं सांगते. आमच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. ते घरोघरी जायचे, लक्षणं समजावून सांगायचे, धीर द्यायचे, आणि जास्त त्रास असलेल्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी कुठलीतरी मदत घेतलेली होती, नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच गावं, तोच कापूस, तेच कर्ज. तरी माणसं उपचाराला आली, कारण विचारायला दारात कोणीतरी आलं.

गोदाकाठताई, तुमच्या घरी ते दारात येणारं माणूस तुम्ही व्हा. पुण्यातून फोनवर हे होणार नाही.

चिकित्सक

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. पेशंट न बघता निदान करत नाही. पण वर लिहिलेलं वाचून इतकं नक्की सांगतो की यांना लवकर, म्हणजे याच आठवड्यात, दाखवायला हवं.

डिप्रेशन ठरवताना आम्ही दोन गोष्टी आधी बघतो: मन सतत उदास किंवा रिकामं आहे का, आणि ज्यात रस होता त्यातला रस गेला आहे का. दोन्हीपैकी एक तरी हवीच. तिच्या जोडीला झोप बिघडणं, भूक आणि वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा उलट तगमग होणं, लक्ष न लागणं आणि निर्णय न होणं, आपण नालायक आहोत किंवा अपराधी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. सगळी मिळून नऊ लक्षणं. त्यातली किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असतील, आणि त्यामुळे कामधाम अडत असेल, तर तो आजार धरतात. बाजारभाव पडल्यावर चार दिवस उदास बसलेला शेतकरी आणि हे, यात फरक आहे. उदास माणूस नातू मांडीवर आला की हसतो, चांगली बातमी आली की सावरतो. आजारात ते होत नाही.

भल्या पहाटे जाग येणं, सकाळी जास्त आणि संध्याकाळी थोडं कमी वाटणं, वजन उतरणं आणि 'मीच सगळ्यांचं वाटोळं केलं' हा सूर, हे एकत्र दिसलं की आम्ही आजार सौम्य नसावा असं धरून चालतो. आपल्याकडे पेशंट 'मन उदास आहे' असं सांगत क्वचितच येतो. पोट, छाती, डोकं, मान, हातापायांत बळ नसणं हे घेऊन येतो. पुरुषांमध्ये चिडचिड आणि वाढलेली दारू हेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं शेतकरी घर आहे. फवारणीची औषधं आजच्या आज घरातून आणि शेडमधून हलवा, कुलपात ठेवा, चावी शेजाऱ्याकडे किंवा दुसऱ्या भावाकडे द्या. दादाला कारण विचारू दे, खरं सांगा. आणि त्याला एकांतात सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलला न्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

नेण्यासाठी निमित्त हवं तर झोपेचं घ्या. "झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू" याला फार कमी माणसं नकार देतात.

एकलव्य_८१

डॉक्टर, शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. मला घरच्यांनी 'सांधेदुखीवाले डॉक्टर' म्हणून नेलं होतं. आत गेल्यावर पाटी वाचली. त्यानंतर कित्येक महिने मी घरच्या कोणावर विश्वास ठेवला नाही आणि गोळ्या बेसिनमध्ये टाकत राहिलो. आजारी माणूस वेडा नसतो, त्याला कळतं. फसवून नेऊ नका.

चिकित्सक

@एकलव्य_८१, बरोबर आहे तुमचं. खोटं सांगून नेऊच नये. झोपेची तक्रार दादाची स्वतःची आहे, ती खरी आहे, म्हणून तिथून सुरुवात करा असं म्हणालो. डॉक्टर कशाचे आहेत हे निघण्यापूर्वी सांगायचं. पेशंट म्हणतो, "मी काय वेडा आहे?" तर म्हणा, "नाहीस. झोप, भूक, दडपण, यावर हेच डॉक्टर औषध देतात. एकदा भेटू, पटलं नाही तर पुन्हा जाऊ नको." आणि शक्य असेल तर तुमच्या गावच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. त्यांचा शब्द बहिणीच्या शब्दापेक्षा जड पडतो, माझा अनुभव आहे.

अवखळ_वारा

चर्चा गंभीर आहे, तरी एक सांगतोच. आमच्या शहरात मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या शेजारी दातांचा दवाखाना आहे. सगळे पेशंट गाडी दातवाल्याच्या दारात लावतात. एकदा मी तिथून बाहेर पडलो आणि समोर ऑफिसातले साहेब. दोघांनी एकाच वेळी गालाला हात लावला. तेव्हापासून आम्ही एकमेकांना "दाढ कशी आहे?" असं विचारतो आणि दोघांनाही उत्तर कळतं. साहेबांची दाढ हल्ली बरी आहे, माझीही.

मुक्ता७१

@अवखळ_वारा, खूप दिवसांनी या विषयावर हसले. आमच्याकडे मावशीचा सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय, बेंबीत हिंग. तिला कोणी सांगितलं की शेजारणीच्या सुनेला डिप्रेशन आहे, तर तिने हिंगाची डबी पाठवली होती. मात्र डबी द्यायला ती स्वतः गेली, रोज जात राहिली, आणि बाळाला सांभाळत बसली. त्या मुलीला त्याचा आधार झाला, असं ती आज सांगते.

त्यावरून आठवलं. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनबद्दल इथे कोणी लिहा ना. 'बाळ झालंय आणि तोंड पाडून बसलीस' हे ऐकत ऐकत बायका दिवस काढतात.

टेम्सकाठ

@मुक्ता७१, माझ्या बायकोला झालं होतं. आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या नर्सने तिच्याकडून दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, एडिंबरोमध्ये १९८७ साली तयार झालेली ती प्रश्नावली आहे. पहिले काही दिवस रडू येणं हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवडे उलटून गेले तरी गेलं नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा सतत भीती वाटते, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, तर दाखवायचं. आमच्या सासूबाई नागपुरातून आल्या होत्या. त्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "मला हे सगळं झालं होतं, मला कोणी विचारलं नाही."

इथे सौम्य त्रासासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवून बोलण्याचे उपचार घेता येतात. रांग मोठी असते, हेही खरं. मोठ्यांसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. ती मराठीतही मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलावं. गोदाकाठताई, दादाला हातात द्या, पुरुषांना आकडे पटतात.

चिकित्सक

टेम्सकाठ यांनी चांगलं सांगितलं. फक्त एक: ती चाळणी आहे, निदान नाही. थायरॉइड कमी असलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलेलं असलं तरी गुण वाढलेले येतात. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही रक्त तपासतो. आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही असो, थांबायचं नाही.

कर्मयोगी

प्रश्नावल्या ठीक आहेत. माझी शंका गोळ्यांबद्दल आहे. एकदा चालू केल्या की सुटत नाहीत, माणूस गुंगीत राहतो, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या शेजारी एक गृहस्थ वर्षानुवर्षं घेतात.

सह्यकडा

+१. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणणारे मलाही माहीत आहेत.

चिकित्सक

हे दोन वेगळे गट आहेत आणि इथेच लोकांची गल्लत होते. झोपेच्या आणि 'शांत करणाऱ्या' गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. शेजारचे गृहस्थ कदाचित त्याच घेत असतील.

डिप्रेशनची औषधं, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, यांचा डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, त्यांची तलफ येत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून हळूहळू कमी करतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी होऊ शकते, बहुतेकांची ती आपोआप थांबते. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. लाजून गोळी सोडू नका, सांगा, औषध बदलता येतं. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. इथेच निम्मे लोक 'उपयोग नाही' म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं.

आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ गेला होता का: झोप नाही तरी थकवा नाही, भरमसाट खर्च, मोठमोठ्या योजना. तसं असेल तर आजार वेगळा असतो आणि नुसती डिप्रेशनची गोळी त्यात नुकसान करू शकते.

नामदेव_दास

मी गेली अनेक वर्षं माळकरी आहे. कर्मयोगींनी वारीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. नामाने मला आधार दिला यात शंका नाही. पण माझा मुलगा आजारी होता तेव्हा तो हरिपाठाला बसायचा आणि उठून रडत म्हणायचा, "माझं लक्ष देवातही लागत नाही, मी इतका पापी आहे." भक्ती सांगून आम्ही त्याच्या डोक्यावर अजून एक अपराध ठेवत होतो. कीर्तनकार बुवांनीच सांगितलं, "आधी वैद्य, मग विठ्ठल." औषधाने लक्ष लागू लागलं, मग तो आपणहून पंढरीला आला. क्रम महत्त्वाचा आहे, काका.

सह्यकडा

व्यायामाचं काय? रोज पाच किलोमीटर चालल्याने माझं मन हलकं होतं.

मांडवीतीर

@सह्यकडा, व्यायामाचा उपयोग आहे, पण अंघोळीला उठवत नाही त्याला पाच किलोमीटर सांगितले तर तो अजून खचतो.

मी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. 'संगत' संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यात बरंच काम केलं आहे. त्यांच्या एका उपक्रमात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पेशंटला थोड्या भेटींत मदत केली. पद्धत साधी. उत्साह येईपर्यंत थांबायचं नाही, छोटं काम ठरवायचं आणि करायचं. दारातल्या तुळशीला पाणी. एका मित्राला फोन. मग तिथून पुढचं. २०१७मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनंतर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजाराच्या पातळीखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के. डिप्रेशन तीव्र असलेले लोकच त्यात घेतले होते, हे लक्षात घ्या.

गोदाकाठताई, दादाला 'बाग सांभाळ' म्हणू नका. 'माझ्याबरोबर पहिल्या ओळीपर्यंत चल' म्हणा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण मी निफाडला आले आहे.

आल्या आल्या औषधांची शेड रिकामी केली. चुलतभावाने सगळं त्याच्याकडे नेलं, चावी त्याच्याकडे. मग रात्री दादाला विचारलं, चिकित्सक यांनी लिहिलं होतं त्याच शब्दांत. खूप वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "विचार येतात. पोरांकडे बघून थांबतो." हात थरथरत होते माझे, पण मी घाबरून ओरडले नाही, रडले नाही. त्याला म्हटलं, उद्या सकाळी जायचं. तो नको म्हणाला नाही. रात्रभर वहिनी आणि मी त्याच्याच खोलीत होतो. १४४१६ वर फोन केला, पलीकडची मुलगी मराठीत शांतपणे बोलली, काय काय लक्ष ठेवायचं ते सांगितलं.

गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नाशिकला गेलो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एकट्याला बराच वेळ दिला, मग आम्हाला बोलावलं. डिप्रेशनच आहे, तीव्र आहे. गोळ्या चालू केल्या, रक्त तपासायला दिलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आहे. एकटं ठेवायचं नाही, त्रास वाढला तर दाखल करू असं म्हणाले. गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "त्यांना मी न सांगताच माहीत होतं, तीन वाजताचं."

आई अजून मीठ-मोहऱ्या ओवाळते आहे. ओवाळू दे.

वऱ्हाडी_ठेचा

शाब्बास बाई! डोळे भरून आले. आईला ओवाळू द्या, गोळी मात्र वहिनीच्या हातून वेळेवर.

निशिगंध

ताई, एक सांगू? पुढच्या काही आठवड्यांत एक दिवस बरा जाईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं काळं होईल. तेव्हा घरातलं कोणीतरी "औषध लागू पडत नाही" म्हणेल. माझ्या बाबतीत आधी झोप सुधारली, मग भूक, मन सगळ्यात शेवटी. घरच्यांना बदल माझ्या आधी दिसला होता. आणि वहिनींनाही कोणीतरी विचारा, त्या कशा आहेत.

रानवारा

थोडं खर्चाचं कोणी सांगेल का? माझ्या ओळखीत एक जण फक्त पैशासाठी थांबला आहे. आणि आरोग्यविम्यात हे बसतं का?

एकलव्य_८१

सरकारी रुग्णालयात बसा. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, आणि १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. सिव्हिलला बाहेर बसलेली गर्दी पाहिली की आपण एकटे नाही हेही कळतं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, पण साध्या डिप्रेशनसाठी तिथवर जायची गरज बहुतेकांना पडत नाही.

विमा: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायचा. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दाखल झालात तरच पैसे देतात, ओपीडीचे देत नाहीत. कागद नीट वाचा. त्याच कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही आहे. नोकरी जाईल या भीतीने थांबलेल्यांना हे सांगा. आणि शॉकची भीती असलेल्यांना सांगा, भूल दिल्याशिवाय तो उपचार करायला या कायद्याने बंदी आहे.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारा. पाटी कोणीही लावतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतात.

कर्मयोगी

गोदाकाठताई, तुमच्या बंधूंना लवकर आराम पडो. शेतमालाच्या भावाचा आणि कर्जाचा मुद्दा मी सोडलेला नाही, तो सरकारला विचारायचा आहेच. पण औषधांची शेड हलवण्याचं जे सांगितलं, ते मी आमच्या वस्तीवर दोन घरी सांगून आलो.

गोदाकाठ

धागा वर काढते आहे. दादा बराच सावरलाय. झोप पाच वाजेपर्यंत लागते, जेवण पूर्ववत होत आलंय. काल त्याने मजुरांना स्वतः फोन केला. आता त्याचं म्हणणं, "बरं वाटतंय, गोळ्या बंद करतो." डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे. काय सांगू त्याला?

चिकित्सक

फार छान बातमी. गोळ्या बंद नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने त्याच डोसवर राहायचं असतं, पहिल्याच खेपेला सुद्धा. लवकर सोडल्या तर आजार उलटण्याची शक्यता बरीच जास्त असते. नंतर डॉक्टर हळूहळू कमी करतील. त्याला म्हणा, कायमच्या नाहीत, पण कधी थांबायचं ते एकट्याने ठरवायचं नाही. तारीख लांब असेल तर फोन करून अलीकडची घ्या.

वहिनींबरोबर बसून त्याच्या स्वतःच्या खुणा लिहून ठेवा. त्याच्या बाबतीत पहाटेची जाग, फवारणी टाळणं आणि 'करून काय होणार' हे तिन्ही आधी आलं. पुन्हा यातलं काही सलग दिसलं तर दिवाळीपर्यंत वाट बघायची नाही. दारू घेत असेल तर सध्या पूर्ण बंद. औषधांची शेड अजून चुलतभावाकडेच राहू दे, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा.

पाऊलवाट

हा धागा पहिल्यापासून वाचून काढला. माझे वडील निवृत्तीनंतर असेच बसून असतात, 'विसरायला होतं' म्हणतात, आम्ही स्मृतिभ्रंश समजत होतो. भूकही गेली आहे. आधी कोणाला दाखवू, मेंदूवाल्यांना की मानसोपचारवाल्यांना?

चिकित्सक

@पाऊलवाट, वयस्कर माणसात डिप्रेशन विसराळूपणाच्या रूपात दिसू शकतं आणि उपचाराने सुधारतं, त्यामुळे उशीर नको. दोघांपैकी ज्यांची वेळ आधी मिळेल त्यांना दाखवा, गरज वाटली तर ते दुसऱ्यांकडे पाठवतील. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या, सगळ्या. आणि विसरणं आधी सुरू झालं की उदास बसणं आधी, हे आईंना विचारून ठेवा. पहिला प्रश्न तोच असेल.

पाऊलवाट

आईला विचारलं. उदास बसणं आधी. सोमवारी सिव्हिलला नेतोय.

एकलव्य_८१

सकाळी लवकर पोचा, केसपेपर आधी काढावा लागतो. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. वडिलांसाठी पाण्याची बाटली आणि खाऊ घ्या, बसावं लागतं.